काळ्या यादीत अकोला

वीस वर्षं मी लोकांची पत्रं अडवण्याचा पगार घेतला. ऐकायला वाईट वाटतं, पण काम तेच होतं. अमरावतीतल्या एका जुन्या महाविद्यालयाचा मेल सर्व्हर माझ्या ताब्यात होता आणि त्यावर येणारी कुठली मेल आत सोडायची, कुठली दारातूनच परत पाठवायची, हे ठरवणं माझ्याकडे होतं. सासरी सगळ्यांना वाटायचं, मी टायपिंग करते. एका नणंदेनं तर तिच्या मुलाच्या लग्नाची पत्रिकाही माझ्याकडे टाइप करायला पाठवली होती. मी ती करून दिली. समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

आता निवृत्त झाले आहे आणि संपादकांनी प्रेमानं सांगितलं आहे की, तुमच्या त्या कॉम्प्युटरच्या कामाबद्दल लिहा, पण कळेल असं लिहा. म्हणून आधी थोडं समजावते, कंटाळू नका.

आपल्या मेलच्या दारात दिवसभर जे येतं, त्यातलं बहुतेक फालतू असतं. लॉटरी लागली, बँकेचं खातं बंद होणार, परदेशातल्या विधवा बाईला तुमच्याच हाती इस्टेट सोपवायची आहे, वगैरे. हे पाठवणारी माणसं नसतात. यंत्रं असतात, आणि प्रत्येक यंत्राला इंटरनेटवर एक क्रमांक असतो. पत्रावरचं नाव खोटं घालता येतं, क्रमांक लपवणं कठीण. म्हणून आम्ही नाव पाहत नाही, क्रमांक पाहतो. त्रास देणारे क्रमांक एका यादीत टाकायचे आणि त्यांच्याकडून काहीही आलं की दार लावून घ्यायचं. या यादीला जगभर ब्लॉकलिस्ट म्हणतात. आम्ही काळी यादी म्हणायचो.

पण एकट्यानं यादी करण्यात अर्थ नसतो, हे मला अकोल्यात कळलं. एका प्रशिक्षणाला गेले होते. दुपारच्या जेवणाला शेजारी गजाननभाऊ बसले होते. अकोल्याच्या एका मोठ्या शिक्षण संस्थेचा सर्व्हर ते सांभाळायचे. घर बार्शीटाकळीजवळ, माळ्याचं, घरी शेवंती आणि गोबी. मी सहज म्हटलं, परवा आमच्याकडे एका लॉटरीवाल्यानं नुसता धुमाकूळ घातला, सगळी सकाळ त्यात गेली.

त्यांनी घास तसाच हातात धरला. "लॉटरी? निळ्या अक्षरातली? ताई, तो काल माह्याकडं आला ना बाप्पा! दिवसभर जेवलो नाई मी."

आम्ही तिथल्या तिथे क्रमांक ताडून पाहिले. तोच होता.

"मंग तुमी मले परवाच सांगतलं असतं तर?" ते म्हणाले. एवढ्याच वाक्यावर आमची मंडळी उभी राहिली. बस स्टँडवर खिसेकापू दिसला की एक कंडक्टर दुसऱ्याला खूण करतो, तसं.

पुढे आम्ही पाच झालो. अमरावतीची मी, अकोल्याचे गजाननभाऊ, बडनेऱ्याच्या एका पॉलिटेक्निकचे एक जण, दर्यापूरच्या कॉलेजचे एक जण, आणि अकोल्यातल्याच एका कापसाच्या जिनिंग कंपनीतला माणूस. पाचही सर्व्हर आपापल्या तक्रारी दर तासाला एकमेकांना कळवायचे. तक्रार म्हणजे काय? तर आमच्या माणसानं मेलवरचं 'स्पॅम' हे बटण दाबलं की तक्रार झाली. पाचांपैकी तिघांकडून एकाच क्रमांकाची तक्रार आली की तो पाचही दारांवर बंद. पंधरा दिवसांनी आपोआप सुटका. आणि एक पथ्य आम्ही कधी मोडलं नाही. क्रमांक सांगायचा, तक्रारी किती ते सांगायचं, पण पत्रात काय होतं आणि बटण कुणी दाबलं, हे आपल्या दारापलीकडे जाऊ द्यायचं नाही. कुणाला कोण नकोसं झालं आहे, ही गोष्ट गावात फिरायला लागली तर काय होईल, हे वऱ्हाडातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

या कामात गंमतही पुष्कळ होती. आम्ही एक सापळा लावला होता. कॉलेजच्या वेबसाइटवर, माणसाला दिसणार नाही पण यंत्राला सापडेल अशा जागी, प्रा. नीळकंठ उंबरकर यांचा मेलचा पत्ता टाकून ठेवला. हे उंबरकर सर कधी जन्मालाच आले नव्हते. तेव्हा त्यांना मेल पाठवणारा हा हमखास पत्ते चोरणारा, इतकं सोपं गणित. एका वर्षात उंबरकर सरांना तीन आंतरराष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले, एका विद्यापीठानं त्यांना मानद डॉक्टरेट देऊ केली आणि एका परिषदेनं त्यांना बीजभाषणाला बोलावलं. आमच्या खऱ्या प्राध्यापकांना यातलं काही मिळालं नव्हतं. मी हे स्टाफरूममध्ये सांगितलं, तेव्हा दोघे हसले आणि एकानं गंभीरपणे विचारलं की डॉक्टरेटची फी किती मागतात.

एकदा एक कोचिंग क्लासवाला थेट माझ्या टेबलाशी आला. हातात काजूकतलीचा डबा.

"मॅडम, माह्या क्लासचं नाव तुमच्या लिस्टमंदी हाये म्हनते."

"आहे."

"काढाले काय करावं लागन?"

"काही नाही. पोरांच्या आईबापाला न विचारता मेल पाठवणं बंद करा. पंधरा दिवसांत नाव आपोआप निघते."

त्यानं बराच विचार केला. "पाठवाच्याच नसन, तर मंग नाव काढून फायदा काय?" असं म्हणून तो डब्यासकट परत गेला. त्याच्या बोलण्यात चूक काही नव्हती.

आमचा खरा त्रास मात्र बाहेरच्यांनी दिला नाही, घरच्यांनी दिला. 'स्पॅम' या बटणाचा अर्थ आमच्या लोकांनी आपल्या सोयीनं 'नको' असा करून घेतला होता. परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून नेमल्याचा आदेश प्राचार्यांनी पाठवला, तर अर्ध्या स्टाफनं त्याची स्पॅम म्हणून तक्रार केली. मीटिंगची सूचना, स्पॅम. वर्गणीची आठवण, स्पॅम. मी तीनदा प्रशिक्षण घेतलं, फळ्यावर चित्र काढून सांगितलं की बाबांनो, नको असेल तर कचऱ्याचा डबा दाबा, हे बटण दाबलं की आम्ही त्या माणसाला चोर समजतो. सगळे हो म्हणाले, चहा प्यायले आणि पुन्हा तेच बटण दाबायला गेले.

आणि इथे पाठक सर येतात.

पाठक सर अकोल्याच्या संस्थेत, म्हणजे गजाननभाऊंच्याच संस्थेत, संस्कृत शिकवायचे. आमच्या भागातले निम्मे मास्तर, वकील आणि बँकवाले त्यांचे विद्यार्थी. निवृत्त झाल्यावर संस्थेनं मानानं त्यांचं मेल खातं चालू ठेवलं, आणि सरांनी रोज सकाळी एक मेल पाठवायला सुरुवात केली. एक सुभाषित, त्याचा अन्वय, अर्थ, त्या दिवसाची तिथी, आणि शेवटी दोन ओळी उपदेशाच्या. चार गावांतल्या सगळ्या ओळखीच्यांना. सुट्टी नाही, खाडा नाही, अधिक महिना असला तर मजकूरही अधिक.

आता वऱ्हाडी माणूस तोंडाचा फटकळ, असं पुण्याकडचे म्हणतात आणि खरं आहे. आमच्याकडे जावयालाही तोंडावर सांगतात की भाऊ, यंदा तू लय जाडा झाला. पण पाठक सरांना 'सर, मेल पाठवू नका' असं सांगायची छाती चार गावांत कुणाची झाली नाही. ज्यांनी छडी खाल्ली होती ते कसे सांगणार? भेटले की सगळे म्हणायचे, "सर, कालचं सुभाषित फार सुंदर." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुपचूप ते बटण दाबायचे. मीही दाबायचे. तीन प्रशिक्षणं घेणारी मी. सकाळची घाई असायची, बटण बोटाखालीच असायचं आणि सरांना कळणार थोडंच होतं?

या तक्रारींनी वर्षानुवर्षं कुणाचंही नुकसान झालं नाही. कारण आम्ही पाच जणांचे स्वतःचे क्रमांक 'घरची यादी' म्हणून वेगळे ठेवले होते. घरच्यांच्या विरुद्ध कितीही तक्रारी आल्या तरी दार उघडंच राहायचं. अकोल्याचा क्रमांक त्या यादीत होता, तोवर पाठक सर सुरक्षित होते.

मग अकोल्याच्या संस्थेनं इंटरनेटची लाइन बदलली. क्रमांक बदलला. गजाननभाऊ त्या दिवशी रेल्वेनं नागपूरला चालले होते, आणि गाडी बडनेऱ्याला थांबते म्हणून घरची शेवंती द्यायला त्यांनी मला स्टेशनवर बोलावलं. मंगळागौर होती माझ्या सुनेची. खिडकीतून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली फुलं दिली आणि सांगितलं, "ताई, कागदाच्या कडेले नवा नंबर लिवला हाये. लक्षात ठेवसान." मी हो म्हटलं. बाकी तिघांना त्यांनी तो फोनवर पाठवला होता, पण मी भेटणारच होते म्हणून मला हाती दिला. घरी आल्यावर सुनेनं फुलं ताटात काढली आणि ओला कागद कचऱ्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी मला आठवलं. एक फोन केला असता तर काम झालं असतं. पण मला लाज वाटली. एवढ्या मानानं माणसानं दिलेला कागद आपण कचऱ्यात घातला, हे कसं सांगायचं? म्हटलं, येतील तेव्हा बोलता बोलता काढून घेऊ. मग परीक्षा आल्या आणि मी विसरले. ही माझी चूक. पुढे जे झालं त्याला बटण दाबणारे पुष्कळ होते, पण दार उघडं ठेवण्याचं काम एकटीचं होतं आणि ते मी केलं नाही.

त्यानंतरची गोष्ट प्रतिभाची. हे तिचं खरं नाव नाही. आमच्या कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकवायची, तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवशील तेवढ्या तासांचे पैसे, सुट्टीत काही नाही, आणि दर जूनमध्ये नव्यानं अर्ज. अशी नऊ वर्षं. दर्यापूरकडची, वडिलांचा भाजीचा गाळा. हुशार आणि कष्टाळू. अकोल्याच्या त्या संस्थेत कायम जागा निघाली तेव्हा तिनं अर्ज माझ्याच टेबलावर बसून भरला. पत्ता कोणता देऊ, विचारलं. मी म्हटलं, कॉलेजचा दे, तो भारदस्त दिसतो. हेही मीच सांगितलं.

एका दुपारी ती आली. चेहरा उतरलेला. "मॅडम, मले अकोल्याची मेल आली होती का, पाहता का जरा? माह्या मैत्रिणीले मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत काल होऊन गेली म्हणते."

मी ऐटीत सांगितलं, "माझ्या सर्व्हरवरून मेल हरवत नाही." आणि नोंदी उघडल्या. सर्व्हर प्रत्येक मेलची नोंद ठेवतो, आत घेतलेल्याचीही आणि परत पाठवलेल्याचीही. शोधायला मिनिटही लागलं नाही. अकोल्याहून मेल आली होती, दहा दिवसांपूर्वी, सकाळी. आमच्या दारानं ती नाकारली होती. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, काळी यादी.

मी खाली पाहत गेले. नवा क्रमांक. तक्रारी आमच्याकडून, बडनेऱ्याहून, दर्यापूरहून. तीन झाल्या आणि माझं दार बंद झालं; बाकीच्यांच्या घरच्या यादीत नवा क्रमांक होता. आमच्याकडच्या तक्रारी कुठल्या मेलवर होत्या, तेही समोर होतं. सगळ्या सुभाषितांवर. आमच्या कॉलेजातून कुणाकुणी बटण दाबलं त्यांची नावंही होती. माझं होतं, प्राचार्यांचं होतं, आणखी सात-आठ जणांची होती. मी ती पूर्ण वाचली आणि स्क्रीन बंद केली.

प्रतिभा समोर उभी होती. त्या वेळी मी म्हणू शकत होते की मेल आलीच नाही. तिला ते खरं वाटलं असतं. नोंदी वाचता येणारी कॉलेजात मी एकटी. हे मनात आलं नाही असं म्हणणार नाही. आलं, आणि दोन-तीन क्षण राहिलंही.

"आली होती," मी म्हटलं. "माझ्या यादीनं अडवली. चूक माझी आहे."

ती रडली नाही, ओरडली नाही. खुर्चीची पाठ धरून उभी राहिली. "नऊ वर्षं झाले, मॅडम," एवढंच म्हणाली आणि गेली. त्यानंतर सव्वा महिना ती माझ्याशी बोलली नाही.

मी प्राचार्यांकडे गेले. ते भले माणूस होते, पण घाबरट. म्हणाले, "बाई, लेखी काही देऊ नका. मेल हरवतात, जग जाणतं. तुमच्या निवृत्तीला दहा महिने राहिले, चौकशी मागे लागली तर तुमचेच कागद अडकतील." मग आवाज उतरवून, "आणि हे बटण दाबलं तरी कुणी? नावं द्या मला. एकेकाला मेमो देतो."

"नावं देता येत नाहीत, सर."

"मी प्राचार्य आहे."

"म्हणूनच नाही देता येत," मी म्हटलं. ते माझ्याकडे पाहत राहिले आणि मग त्यांना काय आठवलं कोण जाणे, त्यांनी तो विषय सोडला.

मी पत्र लिहिलं. अकोल्याच्या संस्थेच्या सचिवांना. अमुक उमेदवाराला आपण पाठवलेलं बोलावणं माझ्या निष्काळजीपणामुळे तिला मिळालं नाही, उमेदवाराचा काही दोष नाही, सोबत सर्व्हरची नोंद जोडली आहे. खाली सही केली. सर्व्हर येण्याआधीची धरून एकोणतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या नावावर एक साधं ताशेऱ्याचं पत्रही नव्हतं.

गजाननभाऊंना फोन केला आणि शेवंतीच्या कागदाचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ताई, तुमी मले एक फोन नाई करू शकल्या?"

"लाज वाटली, भाऊ."

"लाज!" ते म्हणाले. "अवं, कागद फेकला तर फेकला. माह्या घरी तर बायको रोज फेकते." मग त्यांचा आवाज बदलला. "त्या पोरीचं पत्र माह्याकडं पाठवा. मी सोता घेऊन जातो सचिवाकडं. टपालानं नका पाठवू, आता टपालावरही भरोसा नाई राहिला माहा."

ते पत्र घेऊन सचिवांसमोर उभे राहिले. सचिवांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "म्हंजे आपली मेल, आपल्याच मास्तरच्या सुभाषितापायी, तुमच्याच दोस्तानं अडवली?" गजाननभाऊ म्हणाले, "हाव साहेब, अगदी बरोबर समजले." माझ्या दारावरच्या नोंदी काढल्या तेव्हा असे तीन उमेदवार निघाले. तिघांची बोलावणी परत आल्याच्या सूचना संस्थेच्या कार्यालयातही येऊन पडल्या होत्या, त्या कुणी उघडल्या नव्हत्या. निकाल अजून लागला नव्हता. समितीनं तिघांची वेगळी मुलाखत घ्यायचं ठरवलं, पण तारीख ठरायला महिना गेला. तो महिना मला फार जड गेला. जिन्यात प्रतिभा दिसली की ती भिंतीकडे पाहून खाली उतरायची.

मधल्या काळात एक काम राहिलं होतं, ते कुणालाच करायचं नव्हतं. पाठक सरांना सांगायचं. गजाननभाऊ म्हणाले, "ताई, मी एकटा नाई जात. तुमी या." मी बसनं अकोल्याला गेले.

सरांच्या घरी आम्ही दोघं चहाचे कप हातात धरून बसलो. सर उत्साहात होते. उद्याचं सुभाषित दाखवत होते. मी गजाननभाऊंकडे पाहिलं, ते माझ्याकडे. शेवटी त्यांनी डोळे मिटून सांगून टाकलं.

"सर, राग नका मानू. तुमची मेल लोकायले नको असते. लोकं स्पॅमचं बटन दाबून राहिले. त्याच्यापायी एका पोरीची नोकरी अडली."

सरांचा हात कागदावर थांबला. "कोण दाबतं?"

"मी दाबायचे, सर," मी म्हटलं.

"आन मी बी," गजाननभाऊ म्हणाले. हे मलाही तेव्हाच कळलं.

सरांनी कागद बाजूला ठेवला. चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं आता उठून आत जातील. मग म्हणाले, "इतकी माणसं, आणि एकालाही मला सांगता आलं नाही. मी वर्गात फार मारत होतो का रे, गजानन?"

"हाव सर," गजाननभाऊ म्हणाले.

"हं," सर म्हणाले. त्यांनी आम्हाला आणखी एकेक कप चहा दिला आणि आम्ही निघताना मुलीचं नाव विचारलं. मुलाखतीत तिला त्रास व्हायला नको म्हणून मी ते सांगितलं नाही, तेव्हा मान हलवून म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." दुसऱ्या दिवशी त्यांची मेल आली. सुभाषित नव्हतं. यापुढे ज्यांना हवं असेल त्यांनी फक्त 'हो' असं कळवावं, बाकीच्यांना त्रास दिल्याबद्दल क्षमा असावी, एवढंच होतं. मी 'हो' कळवलं. आता ती मेल मी रोज वाचते, आणि खरं सांगायचं तर चांगली असते.

मंडळी आम्ही मोडली नाही. पण नियम बदलला. तिघांच्या तक्रारी झाल्या की दार लावण्याआधी यंत्रानं आमच्यापैकी एका माणसाला विचारायचं आणि त्या माणसानं उघडून पाहायचं. काम वाढलं, वेळ लागायला लागला. दोन-तीनदा लॉटरीवाले त्या वेळात आत घुसले. घुसू देत, असं ठरलं. पुढे सगळ्यांनी आपापली मेल मोठ्या कंपन्यांकडे दिली आणि आमचे सर्व्हर बंद झाले. आता ही यादी कुठे होते, कोण करतं, कुणाला विचारायचं, हे मला माहीत नाही. तिथेही कुणीतरी रोज 'नको' म्हणून ते बटण दाबत असणारच.

चौकशी लागली नाही. सचिवांनी माझ्या पत्रावर 'प्रामाणिकपणाची नोंद घ्यावी' असा शेरा मारून ते फाइल केलं, आणि प्राचार्यांनी त्याची एक प्रत मला दिली, आपणच तो शेरा मिळवून दिला अशा थाटात.

प्रतिभाची मुलाखत झाली. निकाल लागला तेव्हा मी कॉलेजात होते. संध्याकाळी पाचच्या सुमाराला ती आली. हातात नेमणुकीचा कागद, दुसऱ्या हातात पेढे. कागद टेबलावर ठेवला. मी तो वाचला, नाव वाचलं, 'कायम' हा शब्द वाचला आणि माझ्याच डोळ्यांना पाणी आलं. तिला बसायला सांगितलं. ती बसली, पण पेढ्यांचा पुडा काही सोडेना.

"मॅडम, एक सांगाचं होतं," ती म्हणाली. "मुलाखत झाल्यावर तिथं समजलं मले, मेल कशापायी अडली ते. सांगू का नाही, असं किती दिवस करून राहिली मी. पाठक सरांच्या मेलवर मी बी दाबत होती ते बटन. रोज."

"माहीत आहे मले."

तिनं वर पाहिलं. "कवापासून?"

"तू विचाराले आली होती ना, त्याच दिवशी. नावं समोरच होती."

"पहिल्या दिवशी?" तिनं पुडा टेबलावर ठेवला. "मी तुमच्याशी सव्वा महिना बोलली नाही. जिन्यात तोंड फिरवून जात होती मी. घरी बाबांले सांगतलं, त्या बाईनं माही नोकरी खाल्ली. अन् तुमाले माहीत होतं? मंग सांगतलं कावून नाही?"

खरं म्हणजे याचं उत्तर मी त्या सव्वा महिन्यात रोज मनात घोळवलं होतं. कितीतरी वेळा वाटलं होतं की जिन्यात तिला थांबवावं आणि म्हणावं, बाई, तुझंही बोट होतं त्यात. तेवढंच माझं ओझं हलकं झालं असतं.

"तुले मुलाखतीले जायचं होतं," मी म्हटलं. "माझ्यावरचा राग घेऊन गेली, तर ताठ मानेनं बोलली. सोतावरचा राग घेऊन गेली असती, तर तोंडातून शब्द निघाला नसता."

ती उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि माझ्या पाया पडली. मी एरवी कुणाला पाया पडू देत नाही. तिला पडू दिलं.